निकाल लागतो, पण तो अमलात कोण आणतं?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायमूर्ती बसतात. इमारतीच्या बंदोबस्तापुरते पोलीस सोडले तर त्यांच्या हाताशी काहीच नाही. ना फौज, ना तिजोरी. केंद्रीय न्यायालयांचे आदेश बजावायला मार्शल असतात, पण तेही न्यायखात्याचे नोकर, म्हणजे अखेर राष्ट्राध्यक्षांच्याच अखत्यारीतले. राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८८ साली लेख लिहिताना अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी हे उघडच सांगून टाकलं होतं. तलवार सरकारच्या हाती, पैसा संसदेच्या हाती आणि न्यायालयाकडे फक्त निवाडा. त्या निवाड्याला हातपाय हवे असतील तर ते सरकारकडूनच उसने घ्यावे लागणार.

आपल्याकडच्या बातम्यांत अमेरिकेचं कोर्ट सरकारला 'दणका' देतं, कधी 'चपराक' लगावतं. दणक्यानंतर काय होतं ते सहसा छापून येत नाही. खरी गंमत तिथून पुढे सुरू होते, कारण निकालाचा कागद आणि एखाद्या माणसाला मिळालेला हक्क यांच्या मध्ये बरीच माणसं उभी असतात: राज्यपाल, महापौर, शेरीफ, सरकारी वकील, तालुक्याच्या कचेरीतले कारकून. त्यांनी आपलं काम केलं तर हक्क मिळतो. नाही केलं तर?

शपथ कुणाला लागू?

अमेरिकेच्या घटनेच्या सहाव्या कलमात एक वाक्य आहे, त्यावर फारशी चर्चा होत नाही. केंद्रातले आणि राज्यांतले सगळे लोकप्रतिनिधी, सगळे अधिकारी आणि सगळे न्यायाधीश यांनी या घटनेशी बांधील राहण्याची शपथ घेतली पाहिजे, असं ते वाक्य सांगतं. त्यातला 'राज्यांतले' हा भाग महत्त्वाचा. अलाबामाचा राज्यपाल केंद्राचा नोकर नाही, त्याचा पगार केंद्र देत नाही, राष्ट्राध्यक्ष त्याला काढूही शकत नाहीत. तरी तो केंद्राच्या घटनेला बांधलेला. पहिल्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेला अगदी पहिला कायदा याच शपथेचा होता. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्यावर १ जून १७८९ रोजी सही केली. शपथ एका ओळीची होती: मी अमेरिकेच्या राज्यघटनेला पाठिंबा देईन.

पुढे यादवी युद्ध झालं. हीच शपथ घेतलेले सेनाधिकारी, खासदार, न्यायाधीश दक्षिणेच्या बंडाला जाऊन मिळाले. तेव्हापासून शपथेत बाहेरच्या शत्रूंबरोबर 'घरातले' शत्रूही आले. १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती झाली, तिच्या तिसऱ्या पोटकलमाने असं ठरवलं की जो शपथ घेऊन उलटला, त्याला पुन्हा सरकारी पद नाही. काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी माफ केलं तर गोष्ट वेगळी.

या शपथेत कुणा व्यक्तीचं नाव नसतं. राष्ट्राध्यक्षाचं नाही, पक्षाचं नाही. एक अपवाद सैन्यात सापडतो. साध्या सैनिकाच्या शपथेत राष्ट्राध्यक्षांचे आणि वरिष्ठांचे आदेश पाळण्याचा उल्लेख आहे, तोही लष्करी कायद्याच्या चौकटीत. अधिकाऱ्याच्या शपथेत तेवढाही नाही. आदेश देणारा माणूस घटनेला थेट बांधलेला राहावा, असा त्यामागचा हिशेब.

शपथेशिवाय पदाला अर्थ नाही हे जानेवारी २०२३ मध्ये सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून खासदार म्हणून निवडून आले होते आणि ३ जानेवारीला शपथ घ्यायला हजर होते. पण सभागृहाचा सभापतीच ठरेना. मतदानाच्या पंधरा फेऱ्या झाल्या, ७ तारखेची पहिली घटका उजाडली, तेव्हा कुठे सभापती निवडून आला आणि त्याने इतरांना शपथ दिली. तोवर प्रतिनिधिगृहात निवडून आलेली मंडळी होती, सदस्य एकही नव्हता.

लिटल रॉक, १९५७

शपथ घेणं सोपं. ती निभावताना काय होतं, ते पाहायला अर्कान्सा राज्याच्या राजधानीत जावं लागतं.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगवेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत. वर्षभराने दुसरा आदेश आला, त्यात अंमलबजावणी 'योग्य त्या विचाराने आणि वेगाने' करा, अशा अर्थाचं गुळमुळीत बोलणं होतं. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातला वेग सोडला आणि विचार तेवढा करत बसली. लिटल रॉकच्या शाळा मंडळाने मात्र एक मर्यादित योजना आखली: १९५७ च्या सप्टेंबरात सेंट्रल हायस्कूलमध्ये मोजकी काळी मुलं घ्यायची. शेवटी नऊ जण उरली.

राज्यपाल होते ऑर्व्हल फॉबस. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी, २ सप्टेंबरला, त्यांनी राज्याचं नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याची राखीव फौज, शाळेभोवती उभं केलं. कारण सांगितलं, दंगल होईल, शांतता राखायची आहे. ४ तारखेला मुलं आली तेव्हा गार्डच्या संगिनी वळल्या त्या मुलांकडे. गोरी मुलं आत गेली, या नऊ जणांना आडवलं. आठ जण मोठ्या माणसांसोबत एकत्र येणार होते. पंधरा वर्षांच्या एलिझाबेथ एकफर्डच्या घरी फोन नव्हता, तिला निरोप पोचलाच नाही, ती एकटी आली. शिपायांनी आत जाऊ दिलं नाही म्हणून ती मागे वळली, आणि मागे ओरडणारा जमाव. बसथांब्यापर्यंतची तिची ती चाल छायाचित्रांतून जगभर गेली.

आता यातलं कायद्याचं कोडं पाहा. राज्यपालाने घटनेची शपथ घेतलेली आहे. शिपायांनीही घेतलेली आहे. शिपायाने राज्यपालाचा हुकूम मानायचा की न्यायालयाचा? केंद्रीय न्यायाधीश रोनाल्ड डेव्हिस यांनी २० सप्टेंबरला राज्यपालांना मनाई हुकूम दिला. फॉबस यांनी गार्ड काढून घेतलं आणि सरळ हात वर केले. म्हणजे आधी दंगल होईल म्हणून फौज आणली, आणि खरोखर दंगल होणार हे दिसत असताना ती हलवली. २३ तारखेला मुलं बाजूच्या दाराने आत गेली, बाहेर हजारभर माणसं जमली, आणि दुपारच्या आत शहर पोलिसांना मुलांना शाळेतून बाहेर काढावं लागलं. महापौर वुड्रो विल्सन मान यांनी वॉशिंग्टनला तार केली: केंद्राची फौज पाठवा.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हे नको होतं. शाळांबाबतच्या निकालाचं त्यांनी जाहीर कौतुक कधी केलं नव्हतं. जुलैतच पत्रकारांना ते म्हणाले होते की केंद्राची फौज पाठवावी लागेल अशी परिस्थिती मी कल्पनेतही आणू शकत नाही. सप्टेंबरच्या मध्यावर त्यांनी फॉबस यांना सुट्टीच्या मुक्कामी न्यूपोर्टला बोलावून समजावूनही पाहिलं होतं. २४ सप्टेंबरला त्यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजारावर जवान लिटल रॉकला धाडले आणि अर्कान्साचं अख्खं नॅशनल गार्ड, सुमारे दहा हजार माणसं, केंद्राच्या ताब्यात घेतलं. हा डाव फार अचूक होता. कालपर्यंत राज्यपालाच्या हुकमाने दार आडवणारे शिपाई आज राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाखाली आले. त्याच रात्री देशाला उद्देशून केलेल्या भाषणात आयझेनहॉवर यांनी सांगितलं की निकालाबद्दल आपलं वैयक्तिक मत काय, याचा त्याच्या अंमलबजावणीशी काही संबंध नाही.

या भाषणाचं महत्त्व मला लष्करी कारवाईपेक्षाही जास्त वाटतं. निकाल पटलेला माणूस तो राबवतो यात विशेष काही नाही. न पटलेल्या माणसाने राबवला, तरच कायद्याचं राज्य आहे असं म्हणता येतं.

गोष्ट इथे गोड शेवट होऊन संपत नाही. त्या नऊ मुलांनी वर्षभर धक्के, शिव्या, थुंकणं सोसलं. मिनिजीन ब्राउनला फेब्रुवारीत शाळेतून काढलं. अर्नेस्ट ग्रीन १९५८ च्या मे महिन्यात शिक्षण पूर्ण करून बाहेर पडला, सेंट्रल हायस्कूल पूर्ण करणारा पहिला काळा विद्यार्थी. त्याच वेळी शाळा मंडळ न्यायालयात गेलं होतं: फार गोंधळ होतोय, अडीच वर्षं थांबू द्या.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात 'कूपर विरुद्ध एरन' या नावाने पोचलं. शाळा उघडायच्या आत, १२ सप्टेंबर १९५८ ला, न्यायालयाने वेळ न दवडता नकार दिला आणि २९ तारखेला सविस्तर निकालपत्र दिलं. त्यावर एका न्यायमूर्तीचं नाव घालायची पद्धत मोडून नऊही जणांची नावं घातली गेली. सांगणं असं होतं: सहाव्या कलमाची शपथ घेतलेला राज्याचा कुठलाही लोकप्रतिनिधी, अधिकारी किंवा न्यायाधीश ती शपथ मोडल्याशिवाय घटनेविरुद्ध युद्ध पुकारू शकत नाही. आणि अधिकाऱ्यांनीच फूस लावून माजवलेल्या गोंधळाचं कारण पुढे करून मुलांचे हक्क लांबणीवर टाकता येणार नाहीत.

फॉबस यांनी मग वेगळी शक्कल काढली. शहरातली चारही सरकारी हायस्कुलं बंदच केली. काळ्या-गोऱ्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांचं १९५८-५९ हे वर्ष बुडालं. करारात अडकलेले शिक्षक रिकाम्या वर्गांत येऊन बसत. फुटबॉलचे सामने तेवढे चालू राहिले. शेवटी न्यायालयाने हेही घटनाबाह्य ठरवलं, गावातल्या बायकांनी संघटना बांधून शाळा उघडण्यासाठी रान उठवलं, आणि ऑगस्ट १९५९ मध्ये दारं उघडली. फॉबस मात्र निवडणुका जिंकतच राहिले, १९६७ पर्यंत राज्यपाल. शपथ मोडणाऱ्याला मतदार शिक्षा करतातच असं नाही.

पटत नसेल तर काय करायचं?

सरकारी माणसालाही विवेक असतोच. त्याला एखादा कायदा मनापासून चुकीचा वाटला तर? अमेरिकेत याचं ढोबळ उत्तर असं: मतभेद बोलून दाखवा, नाही तर पद सोडा. पदावर बसून दुसऱ्याचा हक्क आडवता येणार नाही.

पद सोडल्याचं गाजलेलं उदाहरण १९७३ चं. वॉटरगेटचा, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घुसखोरीच्या प्रकरणाचा, तपास करणारे विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडे ध्वनिफिती मागितल्या. २० ऑक्टोबरला, शनिवारी, निक्सन यांनी अॅटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख, एलियट रिचर्डसन यांना सांगितलं, कॉक्सना काढा. रिचर्डसन यांनी नेमणुकीच्या वेळी सिनेटला वचन दिलं होतं की गंभीर गैरवर्तन असल्याशिवाय विशेष वकिलाला हात लावणार नाही. त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या खालचे विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार देऊन पद सोडलं. तिसऱ्या क्रमांकावरचे रॉबर्ट बोर्क यांनी कॉक्सना काढलं. दहा महिन्यांच्या आत न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी ध्वनिफिती द्यायला लावल्या आणि निक्सन यांनाच जावं लागलं. हे सगळं लगेच घडलं असं नाही, पण त्या शनिवारच्या दोन नकारांनी लोकमत फिरलं, हे नक्की.

पद न सोडता आडवणूक केल्याचं उदाहरण २०१५ चं. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला घटनात्मक संरक्षण दिलं. केंटकी राज्यात रोवन काउंटीच्या निवडून आलेल्या क्लार्क किम डेव्हिस यांनी धार्मिक श्रद्धेचं कारण देऊन विवाहाचे परवाने देणं बंद केलं, सगळ्यांनाच. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका-जिल्हा, आणि तिथल्या क्लार्कच्या सहीशिवाय लग्न होत नाही. न्यायाधीश डेव्हिड बनिंग यांनी न्यायालयाच्या अवमानाबद्दल ३ सप्टेंबरला त्यांना तुरुंगात पाठवलं. दुसऱ्याच दिवशी कचेरीतल्या सहायकांनी परवाने द्यायला सुरुवात केली. पाच दिवसांनी डेव्हिस सुटल्या. पुढच्या वर्षी केंटकीने कायदा बदलून अर्जावरचं क्लार्कचं नावच काढून टाकलं. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो: नागरिकाला परवाना मिळाला आणि क्लार्कच्या श्रद्धेलाही जागा राहिली. पण तो विधिमंडळाने काढायचा असतो, खिडकीपाशी बसलेल्या व्यक्तीने परस्पर नाही.

तिसरं उदाहरण, थोडक्यात. २ जानेवारी २०२१ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जॉर्जिया राज्याचे निवडणूक प्रमुख ब्रॅड रॅफन्सपर्गर यांना फोन केला आणि आपल्याला ११,७८० मतं 'शोधायची' आहेत असं म्हणाले. रॅफन्सपर्गर त्यांच्याच पक्षाचे. मतमोजणी बरोबर आहे, असं त्यांनी सांगितलं आणि ते त्यावर ठाम राहिले. त्यांनी कुठला नवा कायदा वापरला नाही. नेमून दिलेलं काम केलं, एवढंच.

मग काही शहरं 'सहकार्य करणार नाही' म्हणतात, ते कसं चालतं?

इथे वाचकांचा हमखास गोंधळ होतो. राज्यं घटनेला बांधलेली, केंद्राचा कायदा सर्वोच्च, तरी काही शहरं आणि राज्यं स्थलांतरितांना पकडण्यात केंद्राला मदत नाकारतात. हे बेकायदा नाही का?

केंद्राच्या कामात अडथळा आणणं बेकायदा आहे. केंद्राचं काम स्वतः करायला नकार देणं बेकायदा नाही. हा फरक जुना आहे. पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत करण्याचा कायदा केंद्राने केला होता, त्यावरच्या १८४२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गुलामगिरीच्या बाजूनेच कौल दिला. पण त्याच निकालात असंही होतं की हा कायदा राबवायची सक्ती राज्यांच्या अधिकाऱ्यांवर करता येत नाही. उत्तरेतल्या राज्यांनी ती फट पकडली, आणि आपले तुरुंग व आपले अधिकारी या कामाला वापरायचे नाहीत असे कायदे केले.

दीडशे वर्षांनी तेच तत्त्व उलट्या बाजूने वापरलं गेलं. १९९३ च्या कायद्याने बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायचं काम स्थानिक पोलीस प्रमुखांवर टाकलं. माँटाना आणि अॅरिझोनातले दोन शेरीफ न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकले: केंद्र राज्याच्या अधिकाऱ्याला आपल्या कामाला जुंपू शकत नाही. म्हणजे गुलामगिरीचे विरोधक, बंदुकीचे समर्थक आणि आता स्थलांतरितांची पाठराखण करणारी शहरं, तिघांचा आधार एकच. तत्त्व कुणाच्या सोयीचं हे काळ ठरवतो. त्यामुळे एखाद्याने आज त्याला देशद्रोह म्हणायच्या आधी जरा थांबावं, आणि लोकशाहीचा विजय म्हणायच्या आधीही.

फॉबस यांचं चुकलं ते इथे. त्यांनी मदत नाकारली असं नाही, त्यांनी दार आडवलं. शिवाय समान वागणूक देण्याचं बंधन चौदाव्या दुरुस्तीने थेट राज्यांवर टाकलेलं आहे. ते केंद्राचं काम नव्हतंच, त्यांचं स्वतःचं होतं.

राष्ट्राध्यक्ष किती बांधलेले?

कायदे निष्ठेने अमलात येतील याची काळजी घ्यावी, असं घटना राष्ट्राध्यक्षांना सांगते. वाक्य छोटं, पण दोन्ही बाजूंना ताणलं गेलेलं. १८६१ मध्ये लिंकन यांनी बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा, हक्क स्वतःच स्थगित केला. सरन्यायाधीश टॉनी यांनी तो अधिकार काँग्रेसचा आहे असं सांगितलं, लिंकन यांनी ऐकलं नाही. एक कायदा मोडू नये म्हणून बाकी सगळे कायदे धुळीला मिळू द्यायचे का, असा त्यांचा सवाल होता. काँग्रेसने १८६३ मध्ये तो अधिकार त्यांना दिला. याउलट १९५२ मध्ये ट्रुमन यांनी संपाच्या तोंडावर पोलाद कारखाने ताब्यात घेतले, न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते बेकायदा ठरवलं, आणि कोरियात युद्ध चालू असतानाही त्यांनी कारखाने लगेच मालकांना परत दिले.

प्रत्येक कायदा प्रत्येकावर पुरेपूर लावणं कुठल्याच सरकारला जमत नाही, त्यामुळे कुणावर आधी कारवाई करायची हे ठरवायची मोकळीक राष्ट्राध्यक्षांना असते. अधिक लोकांना अटक करा, अशी सक्ती राज्यं न्यायालयामार्फत केंद्रावर करू पाहत होती, तो दावा २०२३ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला. आणि १ जुलै २०२४ च्या निकालाने आणखी एक भिंत उभी केली: राष्ट्राध्यक्षांच्या मूळ घटनात्मक अधिकारातल्या कृतींबद्दल त्यांच्यावर पुढेही फौजदारी खटला चालवता येणार नाही, आणि इतर सरकारी कृतींनाही निदान गृहीत धरलेलं संरक्षण राहील. उरतो महाभियोग. आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा तो चालला, दोषी कुणीच ठरला नाही.

कर्तव्य चुकलं तर भरपाई?

सामान्य माणसासाठी मुख्य हत्यार १८७१ चा कायदा. दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेच्या दहशतीपुढे स्थानिक अधिकारी डोळे मिटून घेत होते, म्हणून काँग्रेसने तो केला. राज्याच्या अधिकाराच्या आडून कुणी तुमचा घटनात्मक हक्क हिरावला, तर त्या माणसावर केंद्रीय न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. नव्वद वर्षं तो कायदा जवळजवळ अडगळीत होता. १९६१ साली, शिकागो पोलिसांनी वॉरंटशिवाय एका कुटुंबाच्या घरात घुसून केलेल्या झडतीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची धूळ झटकली. आज तुम्ही बातम्यांत पोलीस अत्याचाराचे जे दिवाणी दावे वाचता, ते बहुतेक याच कायद्याखालचे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मात्र तिथेही लागू. न्यायाधीश आणि सरकारी वकील यांना त्यांच्या न्यायालयीन कामाबद्दल पूर्ण संरक्षण आहे. पोलीस आणि इतर अधिकाऱ्यांना एक सशर्त ढाल न्यायालयांनीच तयार करून दिली आहे: मोडलेला हक्क त्या वेळी 'स्पष्टपणे प्रस्थापित' होता हे दाखवता आलं तरच दावा पुढे जातो. व्यवहारात याचा अर्थ असा की जवळपास तशाच प्रसंगावरचा जुना निकाल शोधावा लागतो. नवीन प्रकारे केलेला अन्याय सुटून जाऊ शकतो. किम डेव्हिस यांना ही ढाल मिळाली नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ताजा आणि लख्ख होता. २०२३ मध्ये ज्यूरीने, म्हणजे खटल्यात कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, एका जोडप्याला एकूण एक लाख डॉलर भरपाई देण्याचा कौल त्यांच्याविरुद्ध दिला.

या सगळ्याकडे पाहून माझं मत असं बनलं आहे: अमेरिकेचा कायदा चुकीचं करणाऱ्या अधिकाऱ्याला रोखण्यात बऱ्यापैकी तरबेज आहे, पण काहीच न करणाऱ्याला हलवण्यात फार कच्चा आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला आपल्या घटना समितीत बजावलं होतं की घटना कितीही चांगली असो, राबवणारी माणसं वाईट निघाली तर ती वाईटच ठरेल. निष्क्रिय माणसांबाबत अमेरिकेचा अनुभव त्याहून वेगळा नाही.

मिसिसिपीत २१ जून १९६४ च्या रात्री जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा क्लॅनच्या लोकांनी खून केला. मतदार नोंदणीसाठी ते तिथे काम करत होते. त्यांना आधी पकडून कोठडीत ठेवणारा आणि मग रात्री सोडून मारेकऱ्यांच्या हाती देणारा माणूस काउंटीचा डेप्युटी शेरीफ होता, सेसिल प्राइस. खुनाचा खटला भरणं राज्याच्या हाती. राज्याने भरला नाही. मग केंद्राने यादवीनंतरचा एक कायदा काढला, ज्यात गुन्हा खून नव्हे, तर नागरी हक्क हिरावण्याचा कट. १९६७ मध्ये अठरा आरोपींपैकी प्राइससह सात जण दोषी ठरले, दहा वर्षांहून अधिक शिक्षा कुणालाच नाही. कटाचा सूत्रधार एडगर रे किलन सुटला, कारण ज्यूरीतली एक बाई धर्मोपदेशकाला दोषी म्हणायला तयार नव्हती. शपथ ज्यूरीनेही घेतलेली असते, हे इथे आठवावं. राज्याने स्वतः त्याच्यावर खटला चालवला तो थेट २००५ मध्ये. २१ जूनला, बरोबर एकेचाळीस वर्षांनी, ऐंशी वर्षांचा किलन सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला.

त्यानंतर सहाच दिवसांनी, २७ जून २००५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कॅसल रॉकचा निकाल दिला. कोलोरॅडोतल्या या गावात एका आईकडे नवऱ्याविरुद्धचा न्यायालयाचा संरक्षण आदेश होता. आदेशावर पोलिसांसाठी छापलेलं होतं की तो मोडणाऱ्याला अटक करावी. जून १९९९ मध्ये नवऱ्याने तिन्ही मुलींना अंगणातून उचलून नेलं. ती संध्याकाळपासून पोलिसांना फोन करत राहिली, स्वतः ठाण्यातही गेली. पोलीस थांबा म्हणत राहिले. पहाटे तो माणूस ठाण्यासमोर गोळीबार करत आला आणि मारला गेला. त्याच्या गाडीत मुलींचे मृतदेह होते.

आईने १८७१ च्याच कायद्याखाली गावावर दावा लावला. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो नाकारला. आदेशात 'अटक करावी' असं लिहिलेलं असलं तरी पोलिसांना स्वतःचा निर्णय घ्यायची मोकळीक परंपरेने असतेच, आणि अंमलबजावणी व्हावी हा त्या आईचा घटनात्मक हक्क होत नाही, असं बहुमत म्हणालं. पोलिसांनी तुमचं संरक्षण केलंच पाहिजे असं अमेरिकेची घटना म्हणत नाही, ही गोष्ट ऐकून बहुतेक अमेरिकन लोकही चकित होतात. घटना सरकारने काय करू नये ते सांगते, सरकारने काय केलंच पाहिजे याबद्दल ती बरीचशी गप्प आहे.

ती आई पुढे अमेरिका खंडातल्या देशांच्या मानवी हक्क आयोगाकडे गेली. २०११ मध्ये आयोगाने ठरवलं की अमेरिकेने तिचे आणि तिच्या मुलींचे हक्क मोडले, आणि संरक्षण आदेशांची अंमलबजावणी सक्तीची करणारे कायदे करावेत अशी शिफारस केली. आयोगाच्या शिफारशी आपल्यावर बंधनकारक नाहीत, अशी अमेरिकेची भूमिका आहे. त्यामुळे तसे कायदे करायचे की नाही, हे प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोडलेलं आहे.